चाळीस जाळ्या, सुस्थितीत

फुटबॉलच्या गोलला मागून जाळी असते, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्या विभागात ती टीव्हीवरच पाहायला मिळते. आमच्या मैदानावर दोन उभे खांब आणि त्यांच्यावर एक आडवा दांडा, एवढ्यालाच गोल म्हणायची पद्धत आहे. चेंडू त्यातून गेला की थांबत नाही. तो मागचा रस्ता ओलांडतो, उतार पकडतो आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी जाऊन विसावतो. मग ज्या संघानं गोल केला तो मिठ्या मारत असतो आणि जिच्यावर गोल झाला ती गोलकीपर चेंडू आणायला उतारावरून धावत असते. ती गोलकीपर म्हणजे माझी मुलगी.

आता एवढ्यावरून मी फुटबॉलच्या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. मी वजनमापे खात्यात नोकरीला आहे. दुकानदारांची मापं तपासायची, किलोत चार ग्रॅम कमी भरले तर कागद करायचा, हे माझं काम. खिशात कायम एक स्टीलची टेप असते. ही टेप मी लग्नातही खिशात ठेवली होती, असं आमची ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. ते खोटं आहे. लग्नातल्या सदऱ्याला खिसाच नव्हता.

गेल्या वर्षी सोळा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेत लेकीच्या शाळेचा संघ उपांत्य सामन्यापर्यंत पोचला. बरोबरी चालली होती. शेवटच्या मिनिटाला समोरच्या मुलीनं चेंडू मारला, माझी लेक आडवी झेपावली, चेंडू खांबाला चाटून मागे गेला आणि रेफ्रीनं शिट्टी वाजवून मधल्या वर्तुळाकडे बोट केलं. गोल! लेक उठली ती थेट रेफ्रीकडे गेली. "बाहेरून गेला," ती म्हणाली. रेफ्री म्हणाला, "आतून गेला." जाळी असती तर दोघांपैकी एक खोटा पडला असता. जाळी नव्हती, त्यामुळे जो मोठा तो खरा ठरला. हा रेफ्री पेशानं चष्मेवाला आहे, हेही सांगून ठेवतो. माझा चष्मा मी त्याच्याकडूनच केला आहे. त्या दिवसापासून मला चष्म्याचाही भरवसा वाटेनासा झाला.

मी मैदान रिकामं झाल्यावर टेप घेऊन खांबापाशी गेलो. खांबाच्या बाहेरच्या अंगाला ओल्या चिखलाचा गोल डाग होता, जमिनीपासून बावन्न सेंटिमीटरवर. आतलं अंग स्वच्छ होतं. लेक माझ्या शेजारी उभी होती. गुडघे सोललेले, नाकातोंडात माती, आणि हातातले मोजे अजून काढलेले नाहीत.

"बाबा, बाहेरून गेला होता ना?"

"बाहेरूनच गेला होता," मी म्हणालो.

"मग आता?"

"मग आता काय, जाळी आणू. पुढच्या वर्षी असं होणार नाही." मी हे छातीवर हात ठेवून बोललो. पुढच्या वर्षीच्या सामन्यांतून विभागाचा संघ निवडायचा होता, आणि वयाच्या हिशेबानं लेकीला ती एकच संधी होती. म्हणजे हातात बरोबर अकरा महिने होते आणि हवी होती एक जाळी. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला खरं तर इथेच धोका कळायला हवा होता.

घरी येऊन विषय काढला तर ही म्हणाली, "अहो, बाजारातून आणा की. जाळीच तर आहे."

खालच्या मजल्यावरचे काका आमचा आवाज ऐकून वर आले. हे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना फुटबॉलमधला ऑफसाइड हा एकच शब्द येतो. तो ते योग्य जागी वापरतात असं नाही, पण वापरतात. त्यामुळे सगळी इमारत त्यांना ऑफसाइडकाका म्हणते. "गोल झाला तेव्हा ऑफसाइड होता का ते बघा आधी," ते म्हणाले. मी म्हटलं, काका, चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. "मग तर शंभर टक्के ऑफसाइड," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यानंतर चहा झाला, आणि चहात असं ठरलं की बाजारातली जाळी कच्ची असते, आपणच विणायची.

आम्ही विणली. रोज संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत निळ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं उलगडायचं आणि इमारतीतला जो तो येऊन चार गाठी मारून जायचा. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियेची गाठ मारायच्या, ती सुटायची नाही. ऑफसाइडकाका मारायचे ती राहायची नाही. मी जाळीचं प्रत्येक घर टेपनं मोजत होतो, बारा सेंटिमीटर म्हणजे बारा. चौदाचं झालं की सोडून परत विणायला लावायचो, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात माणसं यायची बंद झाली. उरलेली जाळी मी, ही आणि लेक अशा तिघांनी पुरी केली. दोरीनं हिच्या बोटांना भेगा पडल्या. पण जाळी खांबाला बांधली आणि लेकीनं पहिला चेंडू स्वतःच मारला, तेव्हा तो जाळीत गेला, जाळी फुगली, आणि चेंडू मुकाट्यानं गवतावर पडला. उतारावर गेला नाही. लेक इतकी हसली की मला हिच्याकडे बघवेना, कारण हिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी जाळी गायब झाली. खांबावर कागद चिकटवला होता: "विभागीय फुटबॉल संघटनेच्या मालमत्तेवर विनापरवाना बांधकाम आढळल्याने जप्त."

बांधकाम! मी आयुष्यात कुणाचा एक सेंटिमीटर खाल्ला नाही, आणि माझ्या नावावर अतिक्रमण!

संघटनेचं कार्यालय मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा उघडं असतं. टायरच्या दुकानावर एक अरुंद जिना चढून जावं लागतं. आत एक लांब टेबल, भिंतीला लागून काचेचं कपाट, त्यात चषक आणि ढाली, आणि वर अध्यक्षांचे बक्षीस देतानाचे एकोणीस फोटो. अध्यक्षपदाला एकोणीस वर्षं झाली होती, वर्षाला एक फोटो. फोटोंतली बक्षीस घेणारी मुलं बदलत होती, अध्यक्षांचा कोट बदलत नव्हता. फुटबॉल खेळतानाचा फोटो मात्र एकही नव्हता. त्याबद्दल पुढे एकदा विचारलं तर सचिव म्हणाले, "खेळताना फोटो हलतो."

हे सचिव बारीक अंगाचे आणि फार गोड बोलणारे. मी तक्रार सांगितली. खांबावरचा डाग, बावन्न सेंटिमीटर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डाग खांबावर आहे ना?"

"हो."

"मग खांबानं तक्रार करायला हवी," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग माझा चेहरा पाहून गंभीर झाले. "साहेब, गंमत केली. जाळी हवी असेल तर आम्हीच देतो की. त्यासाठीच बसलोय आम्ही. पण अर्ज क्लबनं करायचा. शाळेला देता येत नाही."

"पण सामने शाळा खेळते."

"खेळायला शाळा चालते. साहित्य मागायला क्लब लागतो."

मग क्लब काढणं आलं. पंधरा सभासद, एक घटना, एक अध्यक्ष, एक शिक्का. सभासद इमारतीतले गोळा केले. त्यातल्या दोघांना फुटबॉल हा हातानं खेळायचा खेळ वाटत होता, पण सह्या चांगल्या करायचे. डॉक्टरीणबाई अध्यक्ष झाल्या, ऑफसाइडकाका उपाध्यक्ष. घटना मी लिहिली, अठ्ठेचाळीस कलमांची. शिक्का गोल करून घेतला तर सचिव म्हणाले, गोल शिक्का संघटनेचा, क्लबचा लंबगोल हवा. लंबगोल केला तर म्हणाले, लंबगोल संलग्न क्लबचा, तुम्ही अजून संलग्न कुठे आहात? संलग्न होईपर्यंत चौकोनी. असे तीन शिक्के झाले. आजही ते आमच्या स्वयंपाकघरात खिडकीची झडप उघडी राहावी म्हणून उपयोगी पडतात.

संलग्नता वार्षिक सभेत मिळते, आणि वार्षिक सभा गणसंख्या भरली तरच होते. ती तीनदा भरली नाही. चौथ्यांदा भरली, कारण त्या दिवशी नव्या ब्लेझरची मापं घ्यायला शिंपी बोलावला होता. सभा पाच तास चालली. त्यातले तीन तास ब्लेझरच्या खिशावरचं बोधचिन्ह डावीकडे असावं की आणखी डावीकडे, यावर गेले. गवत समितीनं अहवाल वाचला की मैदान वर्षातले दोनशे दहा दिवस बंद ठेवल्यामुळे गवत उत्तम आहे. शिस्त समितीचा अहवाल आला नाही, कारण शिस्त समितीच्या अध्यक्षांनी मागच्या सभेत खुर्ची फेकली होती आणि त्यांना निलंबित करण्याचा अधिकार फक्त त्यांनाच होता.

मी एका कोपऱ्यात बसून सवयीनं टिपणं घेत होतो. शेवटी अध्यक्षांची नजर माझ्यावर गेली. जड आवाजात ते म्हणाले, "हे गृहस्थ कोण? पाच तास झाले, लिहितायत. अशी माणसं कुठे मिळतात हो आजकाल?" कुणीतरी सुचवलं, कुणीतरी अनुमोदन दिलं, आणि मला कळायच्या आत मी विभागीय फुटबॉल संघटनेचा सहसचिव, साहित्य, झालो. क्लबच्या संलग्नतेचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला गेला. शिंप्यानं माझं माप घेतलं. छाती चौतीस निघाली. मी त्याची टेप तपासून पाहिली, बरोबर होती.

घरी सांगितलं तर ही कपाळाला हात लावून म्हणाली, "जाळी आणायला गेलात आणि ब्लेझर घेऊन आलात?" पण लेक आनंदानं उड्या मारायला लागली. "म्हणजे साहित्य आता तुझ्याच हातात, बाबा!" ऑफसाइडकाका म्हणाले, "आता कसला ऑफसाइड!" मला खोटं सांगवत नाही, त्या संध्याकाळी मी आरशापुढे जरा जास्त वेळ उभा होतो.

पहिल्याच मंगळवारी मी भांडार उघडायला लावलं. भांडार सांभाळणारे एक मामा होते. कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला आणि मी दारातच थबकलो. फळ्यांवर ओळीनं जाळ्या होत्या. पांढऱ्या, नव्या कोऱ्या, कारखान्याच्या पारदर्शक पिशव्यांत सीलबंद. मी मोजल्या. चाळीस. कोपऱ्यात जमिनीवर आमची निळी जाळी पडली होती, तिला "जप्त" अशी चिठ्ठी.

"मामा, या कधीपासून आहेत?"

"सहा वर्षं झाली. वरच्या संघटनेनं पाठवल्या."

"मग मैदानावर का नाहीत?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातली ताटं रस्त्यावर का मांडत नाही, असं मी त्यांना विचारलं होतं. "वापरल्या तर खराब होतील, साहेब."

मग त्यांनी मला कपाटातली ढाल दाखवली. वरची संघटना दरवर्षी सगळ्या विभागांच्या साहित्याची तपासणी करते. ज्याचं साहित्य सर्वांत सुस्थितीत त्याला ढाल. आमच्या विभागाला ओळीनं पाच वर्षं ढाल मिळाली होती. बाकीच्या विभागांच्या जाळ्या फाटक्या, चिखलानं माखलेल्या, गाठी मारलेल्या निघायच्या. आमच्या सहा वर्षांनंतरही नव्या होत्या. साहित्य सांभाळण्याबद्दल आमच्या विभागाचं नाव घेतलं जायचं, आणि यंदा सहावी ढाल आली की अध्यक्षांची वरच्या संघटनेवर वर्णी लागणार होती.

मी तडक अध्यक्षांकडे गेलो. चांगलाच तापलो होतो. चाळीस आहेत, दोन द्या, अडतीस उरतील, असं म्हणालो.

अध्यक्ष रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. "तुमची तळमळ समजते मला," ते म्हणाले. "पण तुम्ही मापातला माणूस. चाळीस आल्या, अडतीस दाखवल्या, तर तपासणीत काय लिहितील? दोन कमी. तुम्ही दुकानदाराला सोडता का दोन कमी असले तर?"

मी म्हटलं, नाही सोडत.

"झालं तर! तपासणी होऊ द्या, मग मैदानावर जाळ्याच जाळ्या. माझा शब्द."

हे बोलणं मला पटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण पटलं. मापाचा मुद्दा काढला की मी विरघळतो, हे त्या माणसानं पहिल्या भेटीत ओळखलं होतं.

मग मी भांडाराची किल्ली स्वतःकडे घेतली आणि कामाला लागलो. तपासणी उत्तम झाली म्हणजे जाळ्या लवकर सुटतील, असा हिशेब. प्रत्येक पिशवीला क्रमांक दिला. साठ्याची नोंदवही नव्यानं आखली: क्रमांक, लांबी, रुंदी, घराचं माप, स्थिती. स्थितीच्या रकान्यात चाळीस वेळा "सुस्थितीत" लिहिलं, एकाच वळणात. मामा म्हणाले, असा साहेब पाहिला नाही. सचिव म्हणाले, तुम्ही आधी का नाही भेटलात. लोक मला मंगळवारी आणि शुक्रवारी नमस्कार करायला लागले. माझ्या खात्यात बावीस वर्षांत मला कुणी उठून खुर्ची दिली नव्हती.

आणि अर्ज यायला लागले. जाळी मिळावी, चेंडू मिळावेत, कोपऱ्याचे झेंडे मिळावेत. क्लबवाले यायचे, मास्तर यायचे, एकदा एक विणकरीणबाई तीन मुलींना घेऊन चालत आल्या होत्या. मी सगळ्यांना बसवून घेतलं, सगळ्यांचं ऐकलं आणि सगळ्यांना एकच उत्तर लिहून दिलं: "साहित्य सुस्थितीत ठेवण्याच्या दृष्टीने तूर्त देता येत नाही." हे वाक्य माझं स्वतःचं. सचिवांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचा शिक्का करून घेतला. गोल.

तपासणीची तारीख पुढे पुढे सरकत होती. आधी उन्हामुळे, मग परीक्षांमुळे, मग तपासनिसांच्या पाठदुखीमुळे. निवड सामन्यांची तारीख मात्र कायम होती. दहा महिने कुठे गेले मला कळलं नाही. शेवटी सचिवांनी मोठ्या कौतुकानं जाहीर केलं की दोन्ही एकाच दिवशी. एका बाजूला मुलींचे निवड सामने, दुसऱ्या बाजूला तंबूत साहित्याचं प्रदर्शन आणि तपासणी. पाहुणेही तेच, चहाही तोच.

त्या आठवड्यात आम्ही जेवायला बसलो असताना लेकीनं ताटाशेजारी एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, "प्रति, मा. सहसचिव, साहित्य." खाली लिहिलं होतं की चाळीसांपैकी जाळी नको, आमची स्वतःची विणलेली निळी जाळी जप्त आहे, ती निवड सामन्यापुरती परत मिळावी. अक्षर नीटनेटकं, समास सोडलेला. हे तिला मीच शिकवलं होतं.

"बाबा, ती तर आपलीच आहे," ती म्हणाली. "किल्ली तुझ्याकडे आहे. फक्त नव्वद मिनिटं."

मी कागद वाचला, घडी घातली आणि परत तिच्या ताटाशेजारी ठेवला. "घरी अर्ज घेता येत नाहीत," मी म्हणालो. "मंगळवारी कार्यालयात ये."

हिनं हातातला घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात ही बोलली नाही असे प्रसंग मी एका हातावर मोजू शकतो.

मंगळवारी लेक खरंच आली. शाळेचं दप्तर पाठीवर, रांगेत चौथी. तिची पाळी आली तेव्हा मला वाटलं ती हसेल, मी हसेन, आणि प्रकरण मिटेल. ती हसली नाही. मी अर्ज घेतला, आवक क्रमांक घातला. आता जप्त मालाची सुटका शिस्त समितीच्या अखत्यारीत येते. शिस्त समितीचे अध्यक्ष अजून स्वतःला निलंबित करायचं की नाही या विचारात होते. शिवाय, खरं सांगायचं तर, तपासनिसांसमोर गोलला ती वाकडी निळी जाळी लोंबकळताना दिसावी, हे मला नको होतं. तिच्यात ऑफसाइडकाकांच्या गाठी होत्या. मी शेरा मारला: "सामन्यानंतर विचार करता येईल." तिनं शेरा वाचला, "थँक यू" म्हणाली आणि जिना उतरून गेली. मागचा माणूस पुढे सरकला.

निवड सामन्याच्या सकाळी मी ब्लेझर घातला. मैदानाच्या एका टोकाला, गोलच्या मागे वीस पावलांवर तंबू होता. लांबच लांब टेबलांवर पांढरं कापड, त्यावर चाळीस जाळ्या, प्रत्येकीला लाल फीत. त्यांच्या पलीकडे दोन उघडे खांब, आणि खांबांच्या मध्ये माझी लेक. आमचा क्लब अजून संलग्न नव्हता, म्हणून ती शाळेकडूनच खेळत होती. मागे चाळीस जाळ्या आणि पुढे गोल उघडा, या विरोधाभासाकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. पाहुण्यांनी तर "वा, जाळ्यांची पार्श्वभूमी छान आहे" असंही म्हटलं.

ती त्या दिवशी कशी खेळली हे मला इतरांनी सांगितलं. मी तपासनिसांबरोबर होतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, अशी गोलकीपर त्यांनी पाहिली नाही. सात वेळा वाचवलं. एकदा चेंडू बोटांच्या टोकांनी दांड्यावरून काढला. निवड समितीतली एक बाई उभी राहून वहीत लिहायला लागली होती, म्हणे. माझ्या कानावर मधूनमधून आरडाओरडा येत होता, आणि त्याच वेळी तपासनीस विचारत होते, "घराचं माप बारा म्हणता, ते सगळीकडे बारा आहे का?"

या प्रश्नाची मी कित्येक महिने वाट पाहत होतो. मी खिशातून टेप काढली. मैदानाकडे पाठ करून एकोणिसाव्या क्रमांकाच्या जाळीवर वाकलो आणि एकेक घर मोजून दाखवायला लागलो. बारा. बारा. बारा. तपासनीस मान डोलावत होते.

शिट्टी झाली. मग एकदम शांतता, आणि मग गलका. मी वळून पाहिलं तर चेंडू माझ्या पायाशी, टेबलाच्या खुराला टेकून पडला होता आणि चष्मेवाला रेफ्री तंबूकडे धावत येत होता. या खेपेला तो गोंधळला होता. गेल्या वर्षीचं त्यालाही खात होतं, असं मला वाटतं. तो धापा टाकत माझ्यापुढे उभा राहिला.

"साहेब, तुम्ही अगदी खांबाच्या रेषेत आहात. मला उन्हानं दिसलं नाही. तुम्ही सांगा, मी तसं देतो. आत गेला की बाहेर?"

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. अध्यक्ष, तपासनीस, वही घेतलेली बाई. वीस पावलांवर लेक गुडघ्यांवर बसली होती. नुसती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिला वाटत होतं की मी पाहिलंय. मी तिच्या मागेच तर होतो.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. "मी मोजत होतो."

रेफ्री परत फिरला आणि त्यानं मधल्या वर्तुळाकडे बोट केलं.

एक गोल, एवढाच फरक. संघ हरला, आणि विभागाच्या संघात गोलकीपर म्हणून समोरच्या संघातली मुलगी गेली. आम्हाला सहावी ढाल मिळाली. तपासनिसांनी अहवालात माझ्या नोंदवहीचा खास उल्लेख केला, अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्याच महिन्यात ते वरच्या संघटनेवर गेले. जाळ्या मैदानावर येणार होत्या त्याचं काय, असं मी त्यांना निरोपाच्या वेळी विचारलं. ते म्हणाले, "सहा झाल्या, आता सातवी सोडायची?"

सामना संपल्यावर मी खांबापाशी गेलो होतो. चिखलाचा डाग बाहेरच्या अंगाला होता. जमिनीपासून सत्तेचाळीस सेंटिमीटर. या वेळी माझ्या शेजारी कुणी उभं नव्हतं.

मी राजीनामा दिला आहे. तो सभेपुढे मंजूर व्हावा लागतो आणि सभेला गणसंख्या भरत नाही, त्यामुळे मी अजून सहसचिव आहे. घरी ही पुन्हा बोलायला लागली आहे, पण फक्त गरजेपुरतं. ऑफसाइडकाका वर येतात, बसतात, आणि बराच वेळ तो शब्दही काढत नाहीत.

लेक सामन्यानंतरच्या मंगळवारी कार्यालयात आली होती. पुन्हा रांगेत उभी राहिली. तिची पाळी आल्यावर तिनं पिशवीतून आपले हातमोजे काढले आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवले. अंगठ्याजवळ उसवलेले, तळव्यावर वाळलेली माती.

"जमा करायचे आहेत, सर," ती म्हणाली. "आपल्याकडे साहित्य सुस्थितीत राहतं."

घरी ती मला अरेतुरे करते. मी मान वर केली नाही. समोर नोंदवही उघडी होती, हातात पेन होतं, आणि माझ्या तोंडून सवयीनं जे निघायचं तेच निघालं. मी विचारलं, "नवे की वापरलेले?"

"वापरलेले," ती म्हणाली. पावतीसाठी थांबली नाही.

मी नोंद केली. क्रमांक एक्केचाळीस. हातमोजे, एक जोडी. स्थितीच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, तो कोरा आहे. मोजे भांडारात चाळीस जाळ्यांच्या शेजारी फळीवर ठेवले आहेत. मामा दोनदा म्हणाले, "साहेब, तपासणीच्या आधी हे काढू या, ढाल जाईल." मी त्यांना म्हटलं, राहू द्या. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.